कुंकू लावलेले छर्रे

रविवार, ९ जुलै २००६

हिशेबाच्या वहीची मागची पानं दर वर्षी कोरी राहतात आणि मग ती फाडून मी मुस्तफाच्या दुकानात जायच्या याद्या करते. यंदा ठरवलं, तिथे आपलं मन लिहायचं. कागद वाया जात नाही, आणि देवापुढे रोज तेच गाऱ्हाणं सांगायची आता मला लाज वाटायला लागली आहे.

गाऱ्हाणं क्षिप्राचं. मागच्या खोलीत ती राहायला आली त्याला दोन महिने झाले. इथे परदेशात, क्लेमेंटीला, युनिव्हर्सिटी जवळ, त्यामुळे घरोघर अशी शिकणारी माणसं ठेवतात. आमचा मुलगा नील इथल्या सक्तीच्या नोकरीला आर्मीत गेल्यापासून त्याची खोली रिकामी होती. खोली द्यायची कल्पना माझी. ह्यांना नकोच होतं. "परकं माणूस घरात कशाला," असं म्हणाले होते. हे मुद्दाम लिहून ठेवते.

क्षिप्रा डॉक्टर आहे, पण औषधांची नव्हे, धातूंची. वय एकतीस, लग्न नाही. मुलगी वाईट नाही. आपली ताटली आपण विसळते, गीझर बंद करते. मला काकू म्हणते. ह्यांना मात्र सर. काका म्हणायला काय झालं होतं?

शनिवार, २२ जुलै

ह्यांचा शनिवार म्हणजे क्लब. कॉलेजात मिरजेला एन.सी.सी.त नेमबाजीचं बक्षीस मिळालं होतं, तो कप अजून शोकेसमध्ये आहे. पन्नाशीनंतर इथे पुन्हा नाद लागला. क्लबातल्या एका म्हाताऱ्याकडून जुनी हवेची रायफल घेतली. तिच्या अंगाला एक लोखंडी दांडा आहे, तो दर वेळी ओढून परत बसवायचा, मग एक छर्रा घालायचा, मग बार. बंदूक, छर्रे, सगळं क्लबातच राहतं, घरी आणायचं नाही असा नियम आहे. ते एक बरं आहे.

मी कधी आडवी गेले नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, तांजोंग पगारच्या ऑफिसात आठवडाभर आकडे तपासून माणूस शिणतो. पण गेले काही महिने क्लबातून येतात ते तोंड पाडून. नेम लागत नाही. "छर्रेच खराब येतायत," म्हणतात.

आज जेवताना क्षिप्राने विचारलं, "कसले छर्रे सर? शिशाचेच ना?" आणि ह्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. वर डोकं, मध्ये बारीक कंबर, खाली परकरासारखा घेर. छर्र्यालासुद्धा कंबर असते हे मला आज कळलं. आमटी गार होईपर्यंत दोघं त्या कंबरेबद्दल बोलत होते.

बुधवार, ९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा आणि इथला नॅशनल डे एकाच दिवशी आले. समोरच्या ब्लॉकच्या सगळ्या खिडक्यांना लाल-पांढरे झेंडे. नारळीभात केला.

मी सोमवारीच लिटिल इंडियातून राखी आणून ठेवली होती, मोठ्या लाल गोंड्याची. क्षिप्राला सख्खा भाऊ नाही, ह्यांना बहीण नाही. यात कोणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. वाटलं तर मग वाटायचं कारण होतंच, असं मी मनाशी धरलं होतं.

पण ती उलट खूश. "काकू, किती छान. मला वाटलं, यंदा कोणाला बांधायलाच मिळणार नाही." ह्यांनी डावा हात पुढे केला. मी म्हटलं, "अहो, उजवा." थोडे घुटमळले, मग उजवा दिला. तिने गाठ मारली आणि जरा वेळ ह्यांचा हात तसाच धरून बघत राहिली. मी आरतीचं तबक मुद्दाम वाजवून ठेवलं.

ओवाळणीला ह्यांनी पाकीट काढलं तर म्हणते कशी, "पैसे नकोत सर. मला तुमचे छर्रे निवडू द्या."

"म्हणजे?"

"प्रत्येक नळीला एखादाच लॉट मानवतो. बाकीचे इकडेतिकडे पडतात. आपण एकेक डबा तपासून तुमच्या रायफलीला कुठला आवडतो ते शोधू. माझं रोजचं काम असंच असतं."

हे तिच्याकडे बघतच राहिले. "असा विचार माझ्यासाठी कोणी केलाच नव्हता," म्हणाले.

चोवीस वर्षं मी ह्यांना काय मानवतं ते शोधत आले. वांगं नाही, हरभऱ्याची डाळ नाही, ताक दुपारीच, उशी कापसाची. त्याला कोणी लॉट म्हटलं नाही म्हणून ते कोणाला दिसलं नाही.

बहीण जोडून द्यायला गेले आणि शनिवारही घालवून बसले.

शनिवार, १९ ऑगस्ट

आज मीही गेले. थालीपिठं केली होती, ती क्लबात नेली. तिथलं जेवण महाग आणि त्यात काय घालतात देवाला ठाऊक.

क्षिप्राने मेंबरशिप घेतली आहे. बंदुकांच्या खोलीच्या किल्ल्या मिस्टर ऑंग नावाच्या एका चिनी आजोबांकडे असतात. ते मला म्हणाले, "मिसेस निशि, यू ऑल्सो शूट?" मी म्हटलं, "नो, आय कुक." ते हसले. ह्यांना तिथे निशि म्हणतात. मला माहीतच नव्हतं.

परीक्षा अशी करतात. टेबलाला एक जड लोखंडी पकड आहे. तिच्यात रायफल आवळून टाकायची, म्हणजे माणसाचा संबंध उरत नाही. दांडा ओढायचा, छर्रा घालायचा, घोडा दाबायचा. समोर कागद. एका डब्यातले पाच छर्रे एका कागदावर, दुसऱ्यातले दुसऱ्यावर. मग क्षिप्रा एका चिमट्यासारख्या हत्याराने भोकांमधलं अंतर मोजते आणि हे लिहून घेतात. पहिल्या डब्याची भोकं सुटी सुटी. दुसऱ्याची जवळ. चौथ्या डब्याचे पाचही छर्रे एकाच भोकातून गेले. कागदावर भोक एकच, जरा कुरतडलेलं. मिस्टर ऑंगनी "वाह लाओ" म्हटलं, इथली माणसं थक्क झाली की म्हणतात तसं.

क्षिप्राने टाळ्या वाजवल्या. "सापडला. आता पकड काढू या सर, तुम्ही हातात घेऊन मारा."

"आज नको," हे म्हणाले. "आज फक्त डब्यांची परीक्षा."

तिने त्याच लॉटचे दोन डबे घेतले आणि एकावर काळ्या पेनाने फुली करून ह्यांच्या कप्प्यात ठेवला. हा चांगला डबा, ऑक्टोबरातल्या मॅचसाठी. त्या मॅचवर ह्यांचं क्लबाच्या टीममध्ये राहणं न राहणं ठरणार आहे.

थालीपिठं तिघांनी मिळून खाल्ली. ह्यांनी "छान झालीत" म्हटलं नाही. मी मुद्दाम लसूण जळू दिला होता का काय, मलाच वास येत होता. ह्यांना आला नाही. हल्ली ह्यांना माझ्या स्वयंपाकाचा वासच येत नाही. परवा दूध उतू जाऊन करपलं, हे शेजारी पेपर वाचत बसलेले. ढिम्म.

मंगळवार, २९ ऑगस्ट

परवा गणपती बसले. ह्यांनी पूजा सांगितली, मंत्र खणखणीत म्हटले, पण गंध लावायची वेळ आली तर म्हणाले, "तू लाव."

लग्न झाल्यापासून देवाला गंध ह्यांनी लावलं आहे. आमच्या घरात बायकांनी पूजा करू नये असं काही नाही, पण गंध ह्यांचंच. अनामिकेने एवढं रेखीव लावतात की सोनाराने बसवल्यासारखं. रोजची पूजाही पंधरा दिवसांपूर्वी माझ्यावर टाकली. ऑफिसला उशीर होतो म्हणे. ऑफिस तेच, बस तीच.

माणसाचं मन दुसरीकडे गेलं की आधी देव सुटतो, मग घर. हे मी कुठे वाचलेलं नाही, मला आपलं वाटतं.

शनिवार, ९ सप्टेंबर

नील दोन दिवसांच्या सुट्टीवर आला. केस इतके बारीक कापलेले की ओळखू येईना. खोली क्षिप्राला दिल्यामुळे हॉलमध्ये झोपला, पण काही बोलला नाही.

सकाळी हे कप उचलत होते, बशीत चहा सांडला. नील म्हणाला, "पपा, टू मच कॉफी आह?"

"झोप नीट झाली नाही," हे म्हणाले.

नंतर मी नीलला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "तुझे बाबा बदललेत असं नाही वाटत तुला?"

"ओल्ड ऑलरेडी लाह, मा. तू बिस्किटं किती पाठवणार आहेस? आय कान्ट फिनिश."

आर्मीत त्याच्याही हातात बंदूक असते. पण त्याला कोणी छर्रे निवडून देत नाही, आणि त्यावाचून त्याचं काही अडत नाही.

गुरुवार, १४ सप्टेंबर

बँकेने ह्यांचा चेक परत पाठवला. सही जुळत नाही. मी जुना चेक काढून बघितला. आधीची सही लांबरुंद, शेवटी शेपूट. आताची मुंगीएवढी, सुरुवातीला बरी आणि पुढे आणखी बारीक होत गेलेली. ह्यांना दाखवलं तर खेकसले. "बँकवाल्यांना कामं नाहीत."

मला ह्यांनी कधी पत्रं लिहिली नाहीत, त्यामुळे असल्या दिवसांत पुरुषाचं अक्षर कसं होतं ते मला माहीत नाही.

राखी अजून हातात आहे. बायका काढायला सांगतात, मी सांगत नाही. राहू दे, दोघांनाही आठवण राहील. संध्याकाळी हे टीव्हीपुढे बसले होते आणि राखीचा गोंडा हलत होता. पंखा चालू असेल म्हणून मी वर बघितलं. पंखा बंद होता. मग वाटलं, मनात एवढी खळबळ आहे.

शनिवार, १६ सप्टेंबर

एमआरटीच्या स्टेशनाकडून दोघं चालत येताना मी खिडकीतून बघितली. आमचा पाचवा मजला, माणसं चांगली दिसतात. ती ह्यांच्या डाव्या बाजूला, काहीतरी समजावून सांगत होती. ह्यांचा डावा हात चालताना मागेपुढे होत होता. उजवा होत नव्हता. नुसता लोंबत होता, जणू त्या बाजूलाही कोणी धरून चाललं आहे.

मी गॅस मोठा केला आणि पोळ्या करपवल्या. एरवी माझी पोळी करपत नाही.

मग मी वरणाला फोडणी देत होते. हॉलमध्ये हळू आवाजात बोलणं चाललं होतं. मोहरी तडतडायची थांबली तसं ऐकू आलं.

क्षिप्रा म्हणत होती, "काकूंना सांगायला हवं सर."

"नको."

"तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

"तुला माझी शपथ आहे. एवढी मॅच होऊ दे, दिवाळी होऊ दे. तिला आता कळलं तर तिचं काय होईल, तुला माहीत नाही."

मी वरण वाढलं. दोघंही जेवली. माझ्या हातून एकही भांडं पडलं नाही, याचं मलाच नवल वाटतं.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

उद्या घट बसायचे. माती, सात धान्यं, नवी परडी, सगळं आणलं. कोणालाही काही विचारलं नाही, काही बोलले नाही. माहेरी फोन करावा तर काय सांगू? माझी शालान्त परीक्षेची टक्केवारी बासष्ट होती, गणितात त्याहून जास्त. पुढे शिकले असते तर मलाही कोणी काहीतरी मोजायला बोलावलं असतं. वडील म्हणाले, मुलगा सीए होतोय, हातचा जाईल. नाही गेला. आता चाललाय.

देवीला म्हटलं, नऊ दिवस उपास करते. मला काही मागायचं नाही. ह्यांना कळू दे, कोणाचा हात लाभतो ते.

खंडेनवमी, रविवार

आज शस्त्रांची पूजा. घरी विळी, सुरी, शिलाई मशीन, नीलचा जुना कॉम्प्युटर, सगळ्याला हळदकुंकू लावलं. मग म्हटलं, "रायफलीची पूजा राहिली."

हे म्हणाले, "अगं, ती क्लबात आहे."

"म्हणून काय झालं? क्लबात देव चालत नाही?"

"लोक हसतील."

"मॅच पुढच्या रविवारी आहे ना? मग."

क्षिप्रा म्हणाली, "चला ना सर. काकूंबरोबर मज्जा येईल." मज्जा.

पर्समध्ये कुंकवाचा करंडा, अक्षता, झेंडूची फुलं, आणि औषधाच्या बाटलीत पंचामृताचं तीर्थ घेतलं. मिस्टर ऑंगनी सगळं बघितलं आणि म्हणाले, "कॅन, कॅन. बट नॉट इनसाइड द बॅरल, हॉर." त्यांच्या खोलीतही कोपऱ्यात लाल दिव्याचा छोटा देव आहे, संत्री ठेवलेला. त्यांना मला समजावून सांगावं लागलं नाही. रायफल टेबलावर आडवी ठेवून मी दस्त्याला पाच बोटं हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. ह्यांनी नमस्कार केला. बरा केला.

मग हे आणि क्षिप्रा रजिस्टरात सही करायला बाहेर गेले. कप्पा उघडाच होता. फुलीवाला डबा समोर.

मी झाकण काढलं. आत सगळे सारखे, राखाडी, एकमेकांना चिकटून बसलेले. तिने निवडलेले. मी कुंकू वाहिलं. जरा जास्तच पडलं. मग अक्षता. मग तीर्थ शिंपडलं, म्हणजे ओतलंच म्हणा ना, बाटली अर्धी झाली. झाकण घट्ट लावून हलवलं, सगळ्यांना लागावं म्हणून.

पूजा अर्धवट करू नये एवढंच माझ्या मनात होतं. दुसरं काही असलंच तर देवीला माहीत.

रविवार, ८ ऑक्टोबर

सुमात्राच्या वणव्याचा धूर कालपासून इतका आहे की समोरचा ब्लॉक दिसत नाही. वाळत घातलेल्या कपड्यांना जळका वास. हे मॅचला गेले, मी गेले नाही. नवरात्राच्या उपासांचा थकवा अजून गेला नव्हता, आणि मला बघायचंही नव्हतं.

दुपारी एकटेच आले. मी दार उघडलं आणि घाबरले, कारण हे हसत होते. किती महिन्यांनी.

"अरुणा, डब्यात काय घातलं होतंस?"

मी दार लावून घेतलं.

"कुंकू. कुंकू आणि दही. सगळे छर्रे गुलाबी, वर पांढरी बुरशी. तांदळाचे दाणे. एकेक पुसून मारला. कागद बघायचाय?"

खिशातून काढून दाखवला. परातीत मोहरी सांडल्यासारखी भोकं, काही तर वर्तुळाच्या बाहेर. टीममधून नाव गेलं. मी म्हटलं, "माझ्यामुळे."

"हो, तुझ्यामुळे," असं म्हणाले आणि माझे दोन्ही खांदे धरले. "तुझ्याचमुळे. दुसरं काही कारण नाही." आणि पुन्हा हसले. डोळ्यांत पाणी होतं. धुरामुळे असेल.

मी त्यांची मॅच घालवली आणि हे मला पेढा वाटल्यासारखं सांगतायत. मला एवढंच कळलं, की तिचा डबा फुकट गेला आणि ह्यांना त्याचं दुःख नाही. देवीने ऐकलं. रात्री साखरभात केला, तूप हात आखडता न घेता.

क्षिप्रा उशिरा आली. जेवली नाही. माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होती, मग खोलीत गेली. जाऊ दे. आज मी जिंकले.

शनिवार, १४ ऑक्टोबर

सकाळी क्षिप्रा स्वयंपाकघरात आली. "काकू, आज तुम्ही क्लबात चला. यायलाच हवं."

"कशाला?"

"कुंकवामुळे नेम चुकतो का, ते बघायचंय."

हे हॉलमधून ओरडले, "काही गरज नाही. झालं ते झालं."

ती त्यांना ओरडून म्हणाली, "सर, मग तुम्ही घाबरताय कशाला?" ह्यांच्यावर घरात आवाज चढवणारी ती पहिलीच. मी चढवला असता तर आठ दिवस अबोला. हे उठले आणि चपला घातल्या.

धुरात बस सावकाश चालली होती.

मिस्टर ऑंगनी पकड लावून दिली. आधी क्षिप्राने कोरा डबा काढला, त्याच लॉटचा दुसरा. पाच छर्रे. एक भोक. मग माझा डबा. तिने छर्रे पुसले नाहीत, कुंकवासकट तसेच घातले. दांडा ओढताना तिचे हात गुलाबी झाले. पाच छर्रे. भोक जरा मोठं, वेडंवाकडं, पण एकच. माझं करंगळीचं नख त्यावर ठेवलं तर झाकलं गेलं.

मी म्हटलं, "म्हणजे माझ्या कुंकवाने काही झालं नाही."

"फार नाही, काकू."

मला आनंद व्हायला हवा होता. ती म्हणाली, "मॅचच्या दिवशी हा दुसरा डबा माझ्या हातात होता. मी सरांना देत होते. त्यांनी घेतला नाही. म्हणाले, मी कुंकवाचेच मारणार."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पकड सोडवत होते. स्क्रू फिरवायला वेळ लागत होता. मिस्टर ऑंग पुढे झाले, ह्यांनी त्यांना हाताने थांबवलं. रायफल उचलली. कोऱ्या डब्यातला छर्रा घातला. मी ह्यांना बंदूक खांद्याला लावताना कधी बघितलंच नव्हतं. फार ऐटीत उभे राहतात. मिरजेच्या फोटोत आहेत तसेच. फक्त नळीचं टोक एका जागी राहत नव्हतं. राखीचा गोंडा हलत होता. इथे पंखाच नाही.

पाच छर्रे मारले. कागद आणायला कोणी गेलं नाही. इथूनही दिसत होतं.

हे खुर्चीत बसले आणि उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला. तशी सवयच आहे ह्यांना, मी उन्हाळ्यापासून बघते आहे. मला वाटायचं, हाताची घडी घालायची नवी ऐट आहे.

"गुढीपाडव्यापासून," हे म्हणाले. "गंधाचं बोट हलायला लागलं तेव्हा पहिल्यांदा कळलं. मला वाटलं, छर्रे असतील. छर्रेच असू देत, असं वाटत होतं."

क्षिप्रा रडायला लागली. म्हणाली, "काकू, राखी बांधताना माझ्या लक्षात आलं. माझ्या आजोबांना होतं. पार्किन्सन. मी रोज सांगत होते, डॉक्टरकडे जा, काकूंना सांगा. शपथ घातली मला."

आता खरं तेच लिहिते. मला ह्यांच्या हाताचं वाईट वाटायला हवं होतं आणि ते वाटलं, पण नंतर. आधी वाटलं ते एवढंच, की हिला माहीत होतं. राखी बांधायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हिला कळलं, आणि मी चोवीस वर्षं ज्या हाताला आंघोळीचं पाणी काढून देते त्या हाताचं मला कळलं नाही. मी बशीतला चहा पुसला, सही बघितली, गोंडा बघितला. सगळं बघितलं आणि दर वेळी तिलाच बघितलं.

मी ह्यांना विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तू देवाजवळ जाऊन बसली असतीस. मग ते खरंच आहे असं झालं असतं."

बसमध्ये मी ह्यांच्या उजव्या बाजूला बसले. क्षिप्रा मागे बसली. तिने रुमालाने हात पुसले तरी कुंकू गेलं नव्हतं.

बुधवार, १८ ऑक्टोबर

हॉस्पिटलची अपॉइंटमेंट मिळाली, नोव्हेंबरातली. फोन क्षिप्राने केला. मी शेजारी उभी राहून प्रत्येक शब्द ऐकला. तिने विचारलं, "मी येऊ का बरोबर? डॉक्टर खूप इंग्लिशमध्ये बोलतात."

मी म्हटलं, "ह्यांच्याबरोबर मी जाणार." नंतर चकल्या तळताना विचार केला. ती बाहेर बसेल. अगदी अडलं तर आत बोलवीन. पण आधी मला अडू दे.

तिने मेंदूच्या आजाराबद्दल छापलेले कागद आणून दिले. इंग्रजी आहे. रोज एक पान वाचते, शब्द अडला की तिच्याकडे न जाता नीलचा जुना शब्दकोश काढते. त्यात लिहिलंय, अक्षर बारीक होतं, वास जातो, चालताना एक हात हलत नाही, चेहऱ्यावर हसू कमी होतं. एकेका ओळीपुढे मला माझंच लिहिलेलं आठवलं. मागची पानं उलटून वाचली नाहीत. सवड नव्हती.

मॅचच्या रविवारी हे हसले होते, ते मात्र त्या कागदांत कुठे नाही.

पाडवा

पहाटे उटणं लावलं. पाठीला लावताना ह्यांचा हात पाटावर टेकलेला होता, बोटं आपली आपण हलत होती, माळ ओढल्यासारखी. मी त्यावरही उटणं लावलं.

आंघोळीनंतर मी देवघरापुढे दोन पाट मांडले. सहाणेवर चंदन उगाळलं आणि वाटी ह्यांच्यापुढे सरकवली.

"तू लाव," हे म्हणाले.

"मी उगाळलंय. लावायचं तुम्ही."

"वेडंवाकडं जाईल."

"जाऊ दे."

ह्यांनी वाटी जवळ ओढली. मग अनामिका वाटीत बुडवली. मला हात धरावासा वाटत होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. अन्नपूर्णेला बरं लागलं. बाळकृष्णाच्या मुकुटाला लागलं. गणपतीच्या कपाळापर्यंत बोट गेलं आणि सरकलं, डोळ्याखालून गालापर्यंत गंधाचा पट्टा ओढला गेला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घंटा वाजवली आणि आरती सुरू केली.

मग ह्यांना ओवाळलं. तबकात ओवाळणी टाकताना नाणं तबकाच्या काठावर चार-पाचदा वाजलं तेव्हा कुठे सुटलं. मी तबक हलू दिलं नाही.

क्षिप्रा उठून केस पुसत आली. उद्या भाऊबीजेला ती ह्यांना ओवाळणार आहे, मीच सांगितलंय. या वेळी ओवाळणी पैशांतच घे, तेही सांगितलंय. तिने देवाला हात जोडले, जवळ वाकून बघितलं, आणि देवघरातल्या ओल्या फडक्याकडे हात नेला.

"काकू, गणपतीच्या गालाला गंध लागलंय. पुसू?"

मी फडकं उचलून माझ्याकडे घेतलं. "नको. ते ह्यांनी लावलंय."